ताद्देओ रिव्होलाची बैठक

१

मंगळवार आणि शुक्रवार हे सुलक्षणा उकिडवेचे घराबाहेर पडायचे वार. एरवी कॉव्हेंट्रीतल्या तिच्या घराचं दार दुधाची बाटली आत घ्यायला उघडायचं, तेवढंच. या दोन दिवशी मात्र ती साडेनऊला आपली छोटी लाल मेट्रो गाडी बाहेर काढायची, शेतांमधल्या अरुंद रस्त्यानं पाऊण तास जायची आणि ॲशकोट हॉलच्या मागच्या दारानं आत शिरायची.

ॲशकोट हॉल ही एका जुन्या उमराव घराण्याची हवेली. वारस संपले तशी ती एका ट्रस्टकडे आली. उन्हाळ्यात लोक बघायला येत, हिवाळ्यात ती बंद असे. तिथले क्युरेटर मिस्टर पेल यांना हवेलीतल्या चित्रांचा कॅटलॉग काढायचा होता आणि त्यासाठी एका जुन्या इटालियन पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर हवं होतं.

सुलक्षणाला इटालियन येत होतं ते नवऱ्यामुळे. डॉक्टर पद्माकर उकिडवे छातीच्या रोगांचे तज्ज्ञ. रिटायर झाल्यावर दोघांनी इटलीला जायचं ठरवलं होतं आणि त्या हौसेनं दर गुरुवारी संध्याकाळी दोघं वर्गाला जायचे. नव्वद सालच्या जानेवारीत पद्माकर हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये कोसळला, तो उठलाच नाही. सुलक्षणानं वर्ग सोडला नाही. गुरुवारच्या संध्याकाळी दुसरं करायचं काय, हा प्रश्नच होता.

पुस्तिका बावीस पानांची. डोंगरातल्या एका गावच्या पाद्र्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेली, ताद्देओ रिव्होला नावाच्या चित्रकाराची हकिगत. या ताद्देओचं एकच चित्र हॉलमध्ये होतं. वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, जिथं सुलक्षणाला टेबल मांडून दिलं होतं त्याच खोलीत.

लाकडी फळीवर रंगवलेली एक साधी खोली. डावीकडे खिडकी. खुर्चीत तपकिरी झग्यातली एक बाई, हात मांडीवर. हातांवरच्या शिरासुद्धा दिसत. कपाळ आणि डोळे पूर्ण झालेले, इतके, की त्या डोळ्यांसमोर डबा उघडून खायला सुलक्षणाला पहिल्या दिवशी संकोच वाटला. पण डोळ्यांच्या खाली काही नव्हतं. नुसतं कोरं लाकूड.

"हे खराब झालंय का?" तिनं मिस्टर पेलना विचारलं होतं.

"नाही. तिथं रंग कधी चढलाच नाही," ते म्हणाले. "अर्ध्यावर का सोडलं, हे तुमच्या पाद्रीबुवांनी कुठं लिहिलं असेल तर मला पहिल्यांदा सांगा."

२

सप्टेंबर आणि ऑक्टोबर गेले ते ताद्देओच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत.

तो मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा. बाराव्या वर्षी बेर्गामोच्या एका चित्रकाराकडे रंग घोटायला राहिला. कापडाच्या चुण्या आणि हात या दोन गोष्टींत तो पाहता पाहता गुरूच्या पुढे गेला. पण चेहरा काही केल्या जमेना. त्याची मेरीमाता, त्याचा संत, त्याचा गाढव हाकणारा, सगळ्यांचा चेहरा एकच, जरासा गोंधळलेला. बत्तिसाव्या वर्षी गुरूनं त्याला गावी परत पाठवून दिलं. 'हात उत्तम, पण माणसं बघायची नजर नाही,' असं गुरू म्हणाल्याचं पाद्र्यानं लिहिलं होतं.

मग प्लेग आला. एका आठवड्यात ताद्देओची बायको आणि दोन्ही मुली गेल्या. तो मुलींच्या खोलीत जाऊन बसला आणि दार आतून लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत एक फळी होती. फळीवर धाकटी होती. तिच्या आजीनं ते चित्र पाहिलं आणि ती जमिनीवरच बसली.

तिथून त्याचं खरं काम सुरू झालं. साथीत घरंच्या घरं रिकामी झाली होती. मागं राहिलेले लोक त्याला बोलावू लागले. आधी गावातले, मग ब्रेशातले कापडवाले, शेवटी शेवटी एक बिशपसुद्धा. ताद्देओ कुणालाच विचारायचा नाही, की माणूस कसा होता, केस कसे होते. त्याचं मागणं एकच. गेलेलं माणूस ज्या खोलीत वावरलं त्या खोलीत मला उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसू द्या. दार उघडू नका. खोली आपण होऊन चेहरा देते.

बारा वर्षांत त्यानं असे चाळिसेक चेहरे काढले. एकाही घरानं 'हे आमचं माणूस नव्हे' असं म्हटलं नाही.

सुलक्षणानं हे वाक्य इंग्रजीत लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. गेले कित्येक महिने एक गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती. तिला पद्माकरचा चेहरा आठवत नव्हता. फोटो आठवत होते. लेक डिस्ट्रिक्टमधला, मुलाच्या, यशोधनच्या लग्नातला, पासपोर्टवरचा. पण चहा घेताना समोर बसलेला, पेपर खाली करून बोलणारा, तो चेहरा डोळ्यांपुढे आणायला जावं, तर फोटोच पुढे यायचा.

३

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तिनं ते केलं. करताना तिला स्वतःचं हसू येत होतं. पंचवीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली बाई आपण, आणि चाललोय कुठं! पण हसायला तरी घरात दुसरं होतं कोण?

वरची छोटी खोली ही पद्माकरची अभ्यासाची. त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून. पाठीमागे पुस्तकांचं कपाट, कपाट आणि दार यांच्यामध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी मोकळी जागा. सातच्या सुमारास उजाडू लागलं तेव्हा तिनं खालचा फोन काढून ठेवला, वर आली, दार लावलं आणि खुर्चीत बसली.

सकाळभर काही नाही. रेडिएटर तापताना टकटक वाजला. शेजारच्या मिसेस डॉइलनी कुत्र्याला हाक मारली. पद्माकरची खोकायची पद्धत आठवली, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधायची पद्धत आठवली. चेहरा नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला तिला एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक. गवतानं विणलेल्या बैठकीवर बराच वेळ बसलेल्या माणसानं भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकावा, तेव्हा होतो तसा. पाठीमागे, कपाट आणि दार यांच्यामध्ये.

घरात विणलेल्या बैठकीचं काहीच नव्हतं.

पाइप असेल, ती मनाशी म्हणाली. लाकूड थंड होतं तसं आक्रसतं. ती वळली नाही. वळायचं काही कारणच नव्हतं. साडेचार वाजता अंधारून आलं तशी ती उठली, खाली गेली आणि फोन जागेवर ठेवला.

चेहरा आला नाही तो नाहीच. पण त्या रात्री तिला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

४

नोव्हेंबरमध्ये ती बुधवारीही बसू लागली, मग रविवारी. भाषांतराचे कागद घेऊन बसायची, म्हणजे कुणी विचारलं तर काम करत होते असं सांगता येईल. विचारणारं कुणी नव्हतं.

आवाज दर वेळी यायचाच असं नाही. कधी भार टाकल्याचा. कधी लाकडावर नख घासावं तसा. कधी आपण एखादी गोष्ट निरखून पाहताना श्वास रोखतो आणि मग सोडतो, तसा. आणि एक वास. जवसाच्या तेलाचा. लहानपणी आई चटणीसाठी जवस भाजायची त्याच्या जवळ जाणारा, पण कच्चा.

वासाचं कारण तिनं शोधून काढलं. उन्हाळ्यात खिडक्यांना नवी पुट्टी लावून घेतली होती, तिच्यात जवसाचं तेल असतंच. आवाजाचं कारणही सापडलं असतं. वळून बघायचं, एवढंच करायचं होतं.

पण ती वळत नव्हती आणि का वळत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिथं कुणी असेल याची भीती नव्हती. तिथं कुणी नसेल, ही भीती होती. जवळजवळ दोन वर्षांत कुणी तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. डॉक्टर नाडीकडे पाहत, दुकानातली मुलगी सामानाकडे, यशोधन आला की घड्याळाकडे. आणि इथं तिच्या पाठीवर, मानेवर, कानामागच्या केसांवर कुणाची तरी नजर इतकी सावकाश, इतक्या काळजीनं फिरत होती, की तिला नकळत ती ताठ बसू लागली. रविवारी चांगली साडी नेसू लागली.

लंडनजवळच्या पिनरची सुप्रभा, तिची होस्टेलच्या काळापासूनची मैत्रीण, दर शनिवारी फोन करायची.

"अगं, दिवाळीच्या कार्यक्रमाला का नाही आलीस?" सुप्रभानं विचारलं.

"पत्रक आलंच नाही मला."

"असं कसं? मी मंडळाच्या शशीला विचारलं, तो म्हणाला यादी पाहूनच पाठवली सगळ्यांना." मग आवाज खाली आणून, "सुलू, तू घरात फार बसतेस. माणसांत ये. इकडे येऊन राहा आठ दिवस."

"काम आहे गं. इटालियनचं."

"कसलं काम? मेलेल्या माणसाचं चरित्र! जिवंत माणसाला आधी जेवायला घाल."

सुलक्षणा हसली. फोन ठेवल्यावर शेजारच्या आरशाकडे तिची नजर गेली. उजव्या भुवईवरचा देवीचा व्रण तिला आज जरा फिका वाटला. साठी उलटल्यावर कातडी सैल पडते, व्रणही पडत असतील.

५

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी ती पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांवर आली. बाहेर धुकं होतं. हॉल थंडगार होता आणि मिस्टर पेलनी तिच्या पायाशी एक छोटा हीटर आणून ठेवला होता.

साथीतले मेलेले संपले, पाद्र्यानं लिहिलं होतं. लोकांनी पुन्हा लग्नं केली, रिकाम्या खोल्या भरल्या आणि ताद्देओला कुणी बोलवेनासं झालं. तेव्हा तो न बोलावता जाऊ लागला. जिथं कुणी एकटंच राहत असेल अशी घरं त्यानं निवडली. नोटरीची विधवा. लढाईतून परतलेला एक म्हातारा कप्तान. मठ सोडून आलेली एक बाई. अशा खोल्या लवकर चेहरा देतात, असं तो म्हणे.

पुढच्या वाक्यापाशी सुलक्षणानं शब्दकोश दोनदा उघडला. शब्द सोपे होते, पण आपण बरोबर वाचतोय याची खात्री करून घ्यावीशी वाटली.

'ही माणसं मेली नाहीत. ती जेवत, झोपत, चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला येत. परंतु प्रसाद देताना माझ्या आधीचे धर्मगुरू त्यांच्यापुढून तसेच निघून जात. कप्तान आपल्या घरात राहत असतानाच त्याच्या पुतण्यांनी ते घर दुसऱ्या कुटुंबाला राहायला दिलं, आणि त्या कुटुंबानं त्याच्याबद्दल कधी तक्रार केली नाही.'

शेवटचं घर ओर्सोला नावाच्या बाईचं. तिच्या खोलीत ताद्देओ सहा आठवडे बसला. एका सकाळी ती खुर्चीतून वळली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. फळी तिथंच टाकून ताद्देओ त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. तो पुढे कुठं मेला याची नोंद कुठल्याच चर्चमध्ये नाही.

इथं पुस्तिका संपत होती.

सुलक्षणानं मान वर केली. भिंतीवरचे डोळे तिच्याकडेच पाहत होते, पण ते डोळे वाट पाहणाऱ्या माणसाचे नव्हते, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. ते दचकलेल्या माणसाचे होते.

मिस्टर पेल दारात आले. खोलीभर पाहिलं, हीटरपाशी आले आणि वाकून त्यांनी तो बंद केला.

"मी अजून आहे इथं," सुलक्षणा म्हणाली.

"अरे! माफ करा, माफ करा," ते लालबुंद झाले. "मला वाटलं, तुम्ही गेलात."

६

धुक्यात माणूस चुकतो. ती घरी येईपर्यंत हेच घोकत होती. बाहेर इतकं धुकं, आत एकच दिवा, आपला कोट करडा.

मग तिनं फार्मसीतल्या सवयीनं एकेक लक्षण वेगळं करून पाहायचं ठरवलं. दूधवाला गेल्या आठवड्यात दोनदा बाटली ठेवायची विसरला. सुट्टीचे दिवस जवळ आले, नवा माणूस असेल. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टनं तिच्यामागच्या माणसाला आधी पुढे बोलावलं. त्यात नवल काय? या देशात साडी नेसलेली म्हातारी बाई रांगेत किती जणांना दिसते? तीस वर्षांपूर्वी तरी कुठं दिसत होती? प्रत्येक गोष्टीला साधं कारण होतं. सगळ्यांना मिळून एकच कारण शोधायला गेलं तर मात्र थंडी भरून यायची.

जानेवारीत पद्माकरचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध झालं. त्यानंतरच्या सोमवारी यशोधनचा फोन आला. यशोधन तिचा एकुलता एक. जन्म इथलाच. मिल्टन कीन्सला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, बायको रेखा तिथंच शाळेत शिक्षिका. त्याचं मराठी फक्त आईपुरतं उरलं होतं.

"आई, तू काल कुठे गेला होता?"

"कुठं जाणार? घरीच होते."

"नो, नो. मी आला होता. सरप्राइझ द्यायचा होता तुला. बेल मारला, कोणी नाही. मग माझी की होती, मी आत आलो."

"किती वाजता?"

"ट्वेल्व्ह, हाफ ट्वेल्व्ह. गाडी तर बाहेर होती. मी किचनमध्ये बघितला, वर बघितला. बाबांच्या रूमचं दार उघडला. तिथे पण कोणी नव्हता. मला वाटलं तू मिसेस डॉइलकडे गेला. वन अवर थांबलो मी."

सुलक्षणानं फोन दुसऱ्या कानाला लावला. काल रविवार. काल ती नऊ वाजल्यापासून बाबांच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीत बसून होती. बेल ऐकू आली नव्हती. दार उघडल्याचं कळलं नव्हतं.

"आई? आर यू देअर?"

"तू खोलीत आत आलास? खुर्चीपर्यंत?"

"दारातून बघितला ना. रिकामा होता. का गं?"

"डोळा लागला असेल माझा," ती म्हणाली.

"कुठे?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

७

त्यानंतर आठ दिवस ती त्या खोलीत गेली नाही. दार लावून घेतलं, खाली टीव्ही लावून बसली. पण टीव्हीतली माणसं तिच्याकडे पाहत नव्हती. संध्याकाळी चारनंतर घर इतकं रिकामं व्हायचं, की फ्रिजची घरघर थांबली तरी तिला दचकायला व्हायचं. वर कुणीतरी बसलं आहे, वाट पाहत आहे, आणि आपण त्याला ताटकळत ठेवलं आहे, असं सारखं वाटायचं. पाहुण्याला असं ठेवू नये, हे संस्कार. एकदा तर ती अर्धा जिना चढूनही गेली.

तिथं तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आवाजाची नव्हे. आपल्याला तिकडे जावंसं वाटतंय याची.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी दहाला तिनं चहा केला, तो घेतला, कप विसळून ठेवला. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. जे करायचं ते उन्हात करायचं, हे तिनं ठरवलं होतं. ती वर गेली, दार लावलं, खुर्चीत बसली.

तो होताच. बसल्या क्षणी तेलाचा वास आला. मग विणलेल्या गवताचा आवाज. मग रोखलेला श्वास. त्या नजरेची ऊब तिच्या गालावर आली, आणि इतकं बरं वाटलं, की तिचे डोळे भरून आले. अजून पाच मिनिटं, ती मनात म्हणाली. पाचाची दहा झाली. खिडकीबाहेर मिसेस डॉइल दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं. सुलक्षणानं हात हलवला. मिसेस डॉइलची नजर खिडकीवरून सरळ पुढे गेली, छपरावर, आभाळावर, पाऊस येतो का ते पाहत.

सुलक्षणानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि ती वळली.

कपाट आणि दार यांच्यामध्ये एका ठेंगण्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. गुडघ्यांवर फळी. तिला आधी हात दिसले. म्हातारे, स्वच्छ, सुंदर हात. नखांच्या कडेला तपकिरी रंग. मग नजर वर, त्याच्या चेहऱ्याकडे गेली.

उजव्या भुवईवर देवीचा व्रण होता. डावी पापणी किंचित उतरलेली. दोन भुवयांमधली उभी रेघ, पद्माकर जिला गमतीनं 'अकरा वाजले' म्हणायचा, तीसुद्धा. नाकाची सुरुवात नुकती झाली होती. त्याखाली काम अजून व्हायचं होतं.

आणि ते डोळे तिच्याकडे पाहत होते. फार मायेनं.

ती किंचाळली नाही. किंचाळायला सुचलंच नाही. दार कधी उघडलं, जिना कधी उतरली, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. पायांत स्लिपर होत्या आणि ती मिसेस डॉइलच्या दाराची बेल दाबत होती.

मिसेस डॉइल सतरा वर्षांपासूनच्या शेजारीण. पद्माकर गेला तेव्हा तीन रात्री त्या सोबतीला झोपायला आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं. सुलक्षणाच्या कपाळाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं. त्यांची नजर कुठंच टिकेना.

"बोला," त्या म्हणाल्या. "कोण हवंय तुम्हाला?"

"मॉरीन," ती म्हणाली. "अगं, मी."

मिसेस डॉइलची नजर तिच्या ओठांवर आली आणि तिथं थांबली. "देवा रे," त्या म्हणाल्या आणि हसल्या, पण दाराची कडा त्यांनी घट्ट धरली होती. "सुलू! मी तुला ओळखलंच नाही बघ. ये, आत ये. काय झालं काय?"

८

घर मे महिन्यात विकलं. छोट्या खोलीतलं सामान यशोधननं आणि त्याच्या मित्रानं उतरवलं. कपाट आणि दार यांच्यामध्ये काही सापडलं का, असं सुलक्षणानं एकदाच विचारलं. "नथिंग, आई. थोडा डस्ट," यशोधन म्हणाला. भाषांतर तिनं पोस्टानं पाठवून दिलं. मिस्टर पेलचं आभाराचं पत्र आलं. ओर्सोलाचं चित्र अर्धं का राहिलं असेल, तुमचं काय मत, असं त्यांनी विचारलं होतं. त्या पत्राला तिनं उत्तर दिलं नाही.

ती राहायला आली ते यशोधनचं मिल्टन कीन्सचं घर नवं होतं. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, सगळे रस्ते सारखे. घरातल्या खोल्यांत आधी कुणी राहिलेलं नव्हतं, हेच तिला सगळ्यात आवडलं. ती एकटी कुठल्या खोलीत बसत नसे. आणि ती बोलत असे.

जन्मभर मितभाषी असलेली बाई आता अखंड बोलायची. भाजी चिरताना बोलायची, गाडीत बोलायची, दुकानात रांगेत अनोळखी माणसाशी हवेबद्दल बोलायची. रेखाला गंमत वाटायची. "आई किती छान खुलल्या आहेत इथं," ती सुप्रभाला फोनवर म्हणाली. खरं कारण सुलक्षणानं कुणाला सांगितलं नाही. लोकांची नजर आता तिच्या ओठांवरच थांबायची. ओठ हलत असले की ती त्यांना सापडायची. गप्प बसली, की नजर घसरायची.

त्या डिसेंबरातली एक दुपार. शनिवार. सव्वाचारलाच बाहेर काळोख झाला होता. सुलक्षणा आणि यशोधन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तो ऑफिसचे कागद चाळत होता, ती मटार सोलत त्याला सुप्रभाच्या नातीच्या बारशाची हकिगत सांगत होती. खूप दिवसांनी तिला निवांत वाटत होतं. घर ऊबदार होतं, वर रेखा रेडिओबरोबर गुणगुणत होती. हकिगत संपली. सुलक्षणा क्षणभर थांबली. नवीन काही सांगायचं सुचेना, आणि एकदा गप्प बसून पाहावं, असंही तिच्या मनात आलं. शेवटी मुलगा होता तो. एका हाताच्या अंतरावर होता.

तिनं तीन शेंगा सोलल्या. चौथी.

यशोधननं कागद गोळा केले, आळस दिला आणि उठला. खुर्ची आत सरकवली. दारापाशी जाऊन त्यानं एकदा मागं वळून खोलीभर नजर टाकली आणि दिवा बंद केला.

ती अंधारात बसून राहिली. हातात मटारची शेंग तशीच. जिन्यावर त्याची पावलं एक, दोन, तीन चढली.

"यशू," ती म्हणाली.

पावलं थांबली, परत खाली आली. दिवा लागला. यशोधन दारात उभा होता, ओशाळून हसत होता.

"सॉरी आई, सॉरी," तो म्हणाला. "मला दिसलाच नाही तू."

अगदी मनापासून म्हणाला. पण म्हणाला तो तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.